ऐंशी वर्षं उशिराचं टपाल

हाल्डेनबाख,
४ मे २०२५

ती. बाबांना,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मिळालं. श्रवणयंत्र शिट्टी मारतं म्हणून पुन्हा खणात गेलं, हे वाचून राग आला पण नवल वाटलं नाही. परवा फोनवर मी दहा मिनिटं अन्वीच्या शाळेबद्दल बोलले आणि शेवटी तुम्ही विचारलंत, गॅसचा नंबर लावला का. तेव्हा आपलं पत्रच बरं. निहार म्हणतो, सासऱ्यांसाठी टपाल तिकिटं साठवून ठेवणारा त्याच्या कंपनीतला तो एकटाच इंजिनिअर आहे.

जर्मनीतल्या या खेड्यात येऊन आम्हाला आता दीड वर्ष होईल. ऑफिस बॉबलिंगेनला, बसने पंचवीस मिनिटं. खालच्या मजल्यावर फ्राउ हेगेले नावाच्या एकोणनव्वद वर्षांच्या बाई राहतात. त्यांची माझी ओळख भांडणातून झाली. इथे जिना झाडायची पाळी ज्याच्याकडे असेल त्याच्या दाराला त्या आठवड्याची लाकडी पाटी लटकते. मला ते कुठे ठाऊक! ऐन दिवाळीत दारावर पाटी आली म्हणून मी तिला झेंडूची माळ घातली आणि जिना तसाच ठेवला. बाई वर आल्या, माळ बघितली, जिना बघितला, आणि मला झाडू कसा धरायचा इथपासून शिकवलं. तेव्हापासून आमचं छान जमतं.

गेल्या महिन्यात त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. दवाखान्यात जाताना त्यांनी मला एकच काम सांगितलं. गावच्या दफनभूमीत रोज संध्याकाळी पाणी घालायचं. इथली दफनभूमी म्हणजे बागच आहे. नळाशेजारी हिरव्या झाऱ्या टांगलेल्या असतात आणि लोक आपापल्या माणसांच्या फुलांना पाणी घालून गप्पा मारत घरी जातात. मला वाटलं, त्यांच्या यजमानांची एक कबर असेल. पण यादीत पाच होत्या. बाकीच्या चार कोपऱ्यात, लिंडनच्या झाडाखाली, पांढऱ्या दगडांच्या. चौघेही इंग्रज सैनिक! इथल्या लाकडाच्या वखारीत युद्धकैदी म्हणून राबत होते. एप्रिल १९४५ मध्ये त्यांच्याच बाजूच्या विमानांनी रस्त्यावरच्या ट्रकवर गोळ्या झाडल्या, त्यात गेले. युद्धानंतर अशा बहुतेकांना मोठ्या दफनभूमीत हलवलं, हे चौघे मात्र इथेच राहिले. युद्धकबरींच्या आयोगाचे माळी वर्षातून दोनदा येऊन जातात. एरवी फ्राउ हेगेलेच बघतात, तेही लहानपणापासून.

तीन दगडांवर तळाशी घरच्यांनी कळवलेली एकेक ओळ कोरलेली आहे. चौथ्यावर नुसतं टी. हॅलम, वय तेवीस, आणि खाली कोरा दगड. का कोण जाणे, मी त्याला एक झारी जास्त घालते.

औषधं वेळेवर घ्या. वहिनीला त्रास देऊ नका आणि माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नका.

तुमची,
उल्का

•

पुणे,
२६ मे २०२५

चि. सौ. उल्का हिस,
अ. उ. आ.

पत्र बावीस दिवसांनी पोचलं. पाकिटावर तिकीट सरळ लावत जा. तिरकं तिकीट म्हणजे लिहिणारा घाईत होता असं आमच्याकडे समजत.

पाटीला माळ घातलीस हे तुझ्या मीनलवहिनीला वाचून दाखवलं. ती हसून हसून खाली बसली. गुरुदत्तने नेहमीप्रमाणे मोबाइलमधून मान न काढता हं म्हटलं. आम्ही सगळे अजून भाड्याच्या जागेतच आहोत. जुनी इमारत पूर्ण पाडून झाली. पत्र्याच्या कुंपणाआड मोठा खड्डा आहे आणि फाटकावर होणाऱ्या इमारतीचं चित्र आहे. चित्रात पोहण्याचा तलाव दाखवलाय. आमच्यापैकी कुणाला पोहता येतं ते बिल्डरने विचारलेलं नाही.

आता तुझ्या इंग्रजांबद्दल. वाचल्यावर आधी मनात आलं, त्यात आपलं कुणी आहे का? नसावं, असतं तर तू लिहिलं असतंस. मग वाटलं, ज्यांनी आपल्यावर राज्य केलं त्यांच्या कबरींना माझी मुलगी पाणी घालते, म्हणजे काय म्हणायचं! दुपारभर तणतणलो. पण तेवीस वर्षांच्या पोरावर किती वेळ राग धरणार? गुरुदत्त त्या वयात चहा करताना दूध उतू घालवायचा.

चौथा दगड कोरा का, हे मात्र डोक्यातून जात नाही. तुला ठाऊकच आहे, माझी एकतीस वर्षं पोस्टाच्या आर. एल. ओ. त, परत फिरलेल्या पत्रांच्या कचेरीत गेली. पत्ता लागत नाही ती पत्रं सगळीकडून आमच्या टेबलावर यायची, आणि ती कुणाची हे आम्ही शोधायचं. ज्या घरातून काहीच उत्तर येत नाही तिथे बहुधा माणसाचा दोष नसतो. त्याच्यापर्यंत काही पोचलेलंच नसतं. त्या बाईंना विचारून बघ.

मला तिकडे बोलावणं तू आता पुरे कर. ऐकू येत नाही, भाषा येत नाही, तिथे येऊन मी काय करणार? खिडकीत बसायला मला पुण्यातही खिडकी आहे.

अन्वीला गोड पापा. जावईबापूंना तिकिटांबद्दल शाबासकी.

तुझा,
बाबा

•

हाल्डेनबाख,
२२ जून २०२५

ती. बाबांना,
सा. न. वि. वि.

आज जे लिहितेय ते सावकाश बसून वाचा.

फ्राउ हेगेले काठी टेकत घरी आल्या. मी त्यांना कॉफीला वर बोलावलं आणि बोलता बोलता सांगितलं की, चौथा दगड कोरा का असं माझ्या बाबांनी विचारलंय. मग तुम्ही कोण, काय काम करत होता, तेही सांगितलं. पत्ता न लागलेली पत्रं पोचवणं ही एखाद्याची नोकरी असू शकते, हे ऐकून त्यांनी कप खाली ठेवला. दोनदा विचारलं, खरंच का. मग तशाच उठून खाली गेल्या. मला वाटलं, माझ्या जर्मनमध्ये काहीतरी भलतंच बोलून गेले.

अर्ध्या तासाने नाताळच्या बिस्किटांचा एक गंजका डबा घेऊन वर आल्या. आत एक पाकीट होतं. बंद. पेन्सिलीने लिहिलेला पत्ता.

टॉम हॅलम वखारीतून त्यांच्या शेतावर लाकूड पोचवायला यायचा. त्या तेव्हा नऊ वर्षांच्या होत्या. शेवटच्या हिवाळ्यात कैद्यांची पत्रं जाणं बंद झालं होतं. यांचा मामा रेल्वेत, स्वित्झर्लंडच्या हद्दीपर्यंत जायचा. टॉमने ते पाकीट गुपचूप यांच्या हातात दिलं आणि खुणांनी सांगितलं, मामाकडे दे. यांनी ते आईला दाखवलं. आईची पाचावर धारण बसली. कैद्याचं पत्र सापडलं तर मामाचा जीव जाईल, आत्ताच्या आत्ता चुलीत टाक म्हणाली. यांच्या हातून ते टाकवेना. टाकलं असं आईला खोटं सांगितलं आणि डब्यात लपवलं. दुसऱ्या दिवशी टॉमने नजरेनेच विचारलं. यांनी मान डोलावली. तो इतका हसला म्हणे, की त्यांना पळून जावंसं वाटलं. तीन आठवड्यांनी तो गेला.

बाबा, त्यांनी ते पाकीट कधी उघडलं नाही. पुढे आई होती तोवर खोटं उघडं पडेल म्हणून गप्प राहिल्या. मग लग्न, मुलं, आणि इतका उशीर झाला की आता सांगायचं कुणाला आणि कोणत्या तोंडाने. त्यांना वाटतं, त्या आईला मुलाचं शेवटचं पत्रच मिळालं नाही, म्हणून तिने रागाने दगडावर ओळ लिहून दिली नाही. गाव त्यांना मायाळू म्हणतं, कबरींना पाणी घालतात म्हणून. त्या म्हणाल्या, मी मायाळू नाही, मी टपाल दडपून ठेवलेली बाई आहे. सप्टेंबरात त्या नव्वदीच्या होतील आणि डोळे मिटायच्या आत त्यांना हे पोचवायचंय.

सत्तरच्या दशकात तळघरात पाणी शिरलं, तेव्हा पाकीट भिजलं. पहिल्या ओळीत मिसेस ई. हॅलम आणि शेवटच्या ओळीत कॉर्नवॉल एवढंच वाचता येतं. दुसरी ओळ घराचं नाव असावी, पण ती लागत नाही. निहारने युद्धकबरींच्या नोंदी पाहिल्या. बाकी तिघांच्या आईवडिलांची नावं, गावं आहेत. टॉमच्या पुढे काही नाही. कॉर्नवॉलमधल्या चार-पाच हॅलमना त्याने लिहिलं, पण हा त्यांचा नव्हे.

मला तर वाटतं पाकीट उघडावं. आत गावाचं नाव असेलच. तुम्ही काय म्हणता? सोबत पाकिटाचे मोठे फोटो छापून पाठवतेय. मला त्यांच्याकडे बघवत नाही, बाबा. काहीतरी करा.

तुमच्या उत्तराची रोज वाट बघणारी,
उल्का

•

पुणे,
१३ जुलै २०२५

चि. सौ. उल्का हिस,
अ. उ. आ.

उघडायचं नाही.

आधी हे ठळक लिहिलं, कारण तुझा स्वभाव मला माहीत आहे. आमच्याकडे नियम असा की बाहेरून पत्ता लागण्यासारखा असेल तर पाकिटाला कात्री लावायची नाही. लावावीच लागली तर पत्ता सापडेपर्यंतच वाचायचं, सापडला की तिथेच थांबायचं. पुढे लग्न ठरलंय की मोडलंय, आपल्याला काही नाही. एकतीस वर्षांत मी अनेक पत्रांच्या पहिल्या दोन ओळी वाचल्यात आणि तिसरी वाचलेली नाही. फ्राउ हेगेलेंनी ऐंशी वर्षं पाकीट उघडलं नाही, म्हणजे त्या आमच्याच खात्याच्या. त्यांना माझा नमस्कार सांग.

फोटो बघितले. उपयोगाचे नाहीत. पेन्सिल पुसली गेली तरी कागदावर दाब राहतो, तो फोटोत येत नाही. कागद हातात धरून आडव्या उजेडात हळूहळू फिरवावा लागतो. जावईबापू म्हणतील, कॉम्प्युटर करेल. करत असेल. मी केलेलं आहे.

अस्सल पाकीट रजिस्टरने माझ्याकडे पाठव. बाईंची परवानगी घेऊन, आणि त्यांना सांग, हा माणूस जपेल.

चष्मा नवीन करून घेतोय.

तुझा,
बाबा

•

हाल्डेनबाख,
६ ऑगस्ट २०२५

ती. बाबांना,
सा. न. वि. वि.

पाकीट काल रजिस्टरने रवाना झालं. मला धाकधूक वाटत होती, पण फ्राउ हेगेले एका शब्दाने तयार झाल्या. म्हणाल्या, टपाल टपालवाल्याच्या हाती जातंय, तेच बरं. दोन पुठ्ठ्यांमध्ये घालून, वर प्लॅस्टिक लावून निहारने पॅकिंग केलं. त्यावर मात्र तिकीट सरळ आहे!

डबा रिकामा झाल्यावर त्यांनी तो घासून पुसून उन्हात ठेवला. आज त्यांनी अन्वीला त्यातून बिस्किटं दिली.

बाबा, काळजी घ्या त्या पाकिटाची. आणि स्वतःचीही.

उल्का

•

पुणे,
२ सप्टेंबर २०२५

चि. सौ. उल्का हिस,
अ. उ. आ.

पाकीट आलेलं नाही.

चार आठवडे झाले. रोज अकरा वाजता खाली जाऊन उभा राहतो. पोस्टमनही आता मला बघून आधीच मान हलवतो. गणपती आले, आज निघायची वेळ झाली, मोदक केले होते, पण मी एकही खाल्ला नाही. मीनलने गोड बोलून डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, रक्तदाब. त्यांना काय सांगू!

ऐंशी वर्षं जे बिस्किटांच्या डब्यात सुखरूप होतं ते मी हट्टाने टपालात घालायला लावलं. तू फोटो पाठवले होतेस, मला पुरले नाहीत. मला मिरवायचं होतं, दुसरं काय! त्या बाईंना काय तोंड दाखवणार तू? एवढं मोठं अंतर, त्यात किती हात लागतात हे मला माहीत असायला हवं होतं, माझं आयुष्य त्यातच गेलं.

त्यांना अजून सांगू नकोस. किंवा सांग. मला सुचत नाही.

तुझा,
बाबा

•

हाल्डेनबाख,
१६ सप्टेंबर २०२५

ती. बाबांना,
सा. न. वि. वि.

काल फोनवर मी जे ओरडून सांगत होते ते तुम्हाला कळलं नाही आणि मला रडू आवरेना, म्हणून वहिनीला निरोप दिला. पण ते माझ्या हाताने लिहायलाच हवं.

चूक तुमची नाही, माझी आहे. निहारने पाकिटावर चिकटवायला पत्ता छापला तो कॉम्प्युटरमधल्या जुन्या यादीतून. मी बघून हो म्हटलं. वीस वर्षं तोच पत्ता लिहिला होता, डोळ्यांना खटकलाच नाही. बाबा, मी ते पाकीट आपल्या पाडलेल्या घरी पाठवलंय. खड्ड्याच्या पत्त्यावर. तुमच्या पोटी जन्म घेऊन!

फ्राउ हेगेलेंना काल सगळं सांगितलं. काल त्यांचा नव्वदावा वाढदिवस होता, आणि केक घेऊन गेलेली मी दारातच रडायला लागले. त्यांनी मला बसवलं. मग म्हणाल्या, चुलीत टाकलेलं नाही ना, मग ते कुठेतरी आहे. आणि मला आपल्याच वाढदिवसाचा केक भरवला. मला लाज वाटली, बाबा. फार लाज वाटली.

तुम्ही मोदक खाल्ले नाहीत हे वाचून निहारने तो जुना पत्ता यादीतून पुसून टाकलाय. तुमच्या ओळखीचं अजून कुणी पोस्टात आहे का? परत येणाऱ्या टपालाचं तिथे काय करतात?

चुकलेली,
उल्का

•

पुणे,
१० ऑक्टोबर २०२५

चि. सौ. उल्का हिस,
अ. उ. आ.

सापडलं! निरोप तुला मिळालाच आहे, पण निरोपात गंमत येत नाही, म्हणून पहिल्यापासून सांगतो.

तुझा निरोप आला त्याच आठवड्यात जुन्या भागाच्या पोस्टात गेलो. काउंटरवर शमिका नावाची मुलगी होती. मी निवृत्त झालो तेव्हा ती शाळेत असेल. मी कोण, काय, ते सांगितलं. तिने रजिस्टर काढलं. नोंद होती. घर पाडले, मालक आढळत नाही, परत पाठवणे. पाकीट सामानाच्या गर्दीत आधीच आठवडाभर अडकलं होतं, म्हणून अजून परतीच्या पिशवीत होतं, आणि पिशवी दुसऱ्या दिवशी निघायची होती. मी हात पुढे केला. पोरीने दिलं नाही! म्हणाली, काका, पाकिटावर जो पत्ता आहे तिथे तुम्ही राहता याचा पुरावा दाखवा. मी म्हटलं, तिथे आता खड्डा आहे. ती म्हणाली, नियम आहे. एकीकडे जीव जात होता आणि दुसरीकडे तिच्या पाठीवर थाप मारावीशी वाटत होती. मीही दिलं नसतं.

मग आठवलं, आधार कार्ड! मीनल वर्षभर कानीकपाळी ओरडतेय की कार्डावरचा पत्ता बदलून घ्या, आणि मी आज जातो, उद्या जातो करत होतो. कार्डावर जुनाच पत्ता! तिने तो पाकिटाशी अक्षर न् अक्षर ताडून बघितला, सही घेतली आणि पाकीट माझ्या हातात दिलं. बाहेर येऊन मी पायरीवर बसलो.

आता पुढचं. दुपारी पडदे ओढले, टेबललॅम्प आडवा ठेवला. तीन दुपारी बघत होतो. तुम्ही सगळे दुसऱ्या ओळीला घराचं नाव समजत होतात. घराचं नाव नव्हे ते. आधी सी, मग तिरकी रेघ, मग ओ. म्हणजे द्वारा! मिसेस हॅलम, द्वारा पूल, चॅपल रो, पेनवॉरन, कॉर्नवॉल. त्या आई स्वतःच्या घरी राहतच नव्हत्या, पूल नावाच्या कुणाकडे होत्या. निहाररावांनी हॅलम शोधले, शोधायला हवे होते पूल. आमच्याकडे निम्मी पत्रं द्वाराच्या ओळीत अडकायची.

पेनवॉरनला, चॅपल रोवरील पूल कुटुंबातील कुणीही, या नावाने माझ्या इंग्रजीत पत्र टाकलंय. उत्तरासाठी जावईबापूंचा ई-मेल दिलाय, इलाज नाही.

अस्सल पाकीट मात्र मी पोस्टाने पाठवणार नाही. निहाररावांचा मित्र उत्कर्ष, तो संशोधन करणारा, दिवाळी करून तिकडे परत जाणार आहे. त्याच्या हाती देतो. एकतीस वर्षं पोस्टात काढलेला माणूस हे लिहितोय, कुणाला सांगू नकोस.

तुझ्या चुकीचं मनावर घेऊ नकोस. आधारचा पत्ता मीही बदलला नव्हता.

तुझा,
बाबा

ता. क. उघडलेलं नाही. हात शिवशिवत होते हे कबूल करतो.

•

हाल्डेनबाख,
२३ नोव्हेंबर २०२५

ती. बाबांना,
सा. न. वि. वि.

उत्कर्षने पाकीट शर्टाच्या आतल्या खिशातून आणलं. विमानात जेवतानाही काढलं नाही म्हणाला. तुम्ही त्याला इतका काय दम दिला होतात?

आणि त्याच आठवड्यात पेनवॉरनहून उत्तर आलं! पूलांची नात तिथे अजून राहते. टॉमच्या आईचं मूळ घर प्लिमथला होतं, ते बॉम्बमध्ये पडलं, म्हणून ती धाकट्या मुलीला घेऊन बहिणीकडे, म्हणजे पूलांकडे आली. युद्धानंतर दगडावर काय कोरायचं हे विचारणारा कागद पूलांकडे कधी आलाच नाही, जुन्या घरी जाऊन परत फिरला असणार. घर पाडले, मालक आढळत नाही. म्हणजे तिथेही खड्डाच होता, बाबा. तुम्ही मेमध्येच लिहिलं होतंत, माणसाचा दोष नसतो म्हणून. त्या आईला कुणी विचारलंच नव्हतं.

आई केव्हाच गेली. पण ती धाकटी मुलगी आहे! डोरोथी, घरात डॉट म्हणतात. वय अठ्ठ्याऐंशी, त्याच गल्लीत तीन घरं सोडून राहते. पाकीट पाठवा, असं तिने पूलांच्या त्याच नातीकडून कळवलं.

हे मी फ्राउ हेगेलेंना सांगितलं तेव्हा त्या भिंतीला धरून उभ्या राहिल्या. मग विचारलं, ती रागावली आहे का?

पाकीट त्यांनी स्वतः टाकलं. मला हात लावू दिला नाही. बाहेरच्या पाकिटावरचा पत्ता आम्ही तिघांनी तीन वेळा वाचला, नोंदणीचं तिकीट निहारने लावलं. चर्चला जायचा गडद कोट घालून, केस विंचरून, काठी टेकत त्या कोपऱ्यावरच्या पिवळ्या पेटीपाशी गेल्या. पाकीट फटीत धरून कितीतरी वेळ उभ्या होत्या. मला वाटलं, सोडतच नाहीत की काय. मग सोडलं. आवाज ऐकायला कान लावला. साडेचारला पेटी उघडायला गाडी येते, ते बघायला पुन्हा गेल्या आणि गाडी वळेपर्यंत थंडीत उभ्या राहिल्या.

आता त्या रोज सकाळी विचारतात आणि मी नाही म्हणते. तुमचा पोस्टमन मान हलवतो तशी.

तुम्ही मफलर वापरता ना?

तुमची,
उल्का

•

हाल्डेनबाख,
१८ जानेवारी २०२६

ती. बाबांना,
सा. न. वि. वि.

डॉटचं पत्र आलं. फ्राउ हेगेलेंच्या नावाने, हाताने लिहिलेलं, इंग्रजीत. मी त्यांच्या स्वयंपाकघरात बसून ते जर्मनमध्ये सांगत गेले. तुमचा नियम मोडला नाही. हे पत्र आम्हालाच वाचायचं होतं.

डॉट लिहिते की पाकीट तिने एकटीने उघडलं. भावाचं अक्षर तिला आठवत नव्हतं, या पानामुळे पुन्हा मिळालं. बरंचसं घरचं आहे, ते ती स्वतःजवळ ठेवणार आहे. पण एक जागा फ्राउ हेगेलेंची आहे, म्हणून ती उतरवून पाठवते, असं म्हणून तिने टॉमच्या तीन ओळी दिल्यात. मी तशाच देते.

आई, हे ज्या मुलीच्या हाती देतोय ती आपल्या डॉटएवढी आहे आणि सशासारखी भित्री आहे. पत्र यायला फार उशीर झाला तर समज, तिला संधी मिळाली नसेल. तिला कुणी बोलू नका, ती टाकेल.

बाबा, मी हे सांगितलं आणि मान वर करायची हिंमत होईना. फ्राउ हेगेलेंनी ते पुन्हा सांगायला लावलं. मग एकदम ताठ झाल्या आणि तावातावाने म्हणाल्या, भित्री? मी भित्री नव्हते! चुलीसमोर उभी राहून आईशी खोटं बोलले मी! गाल लालबुंद झाले होते. अगदी नऊ वर्षांच्या दिसत होत्या. आणि मग तशाच रागात रडायला लागल्या. मी उठून त्यांना धरलं. खूप वेळ रडल्या आणि मीही रडले.

ऐंशी वर्षं त्या डब्यात त्यांची माफीच बंद होती, आणि त्यांना ठाऊक नव्हतं. उघडलं असतं तर कधीच कळलं असतं, असं माझ्या मनात येऊन गेलं, आणि मी ते त्यांना बोलूनही दाखवलं. त्या म्हणाल्या, उघडलं असतं तर ती माफी मी चोरून वाचलेली असती. आता ती टॉमच्या तोंडून आली.

डॉटने आयोगाला लिहिलंय, चौथ्या दगडावर आता ओळ कोरून मिळते का म्हणून. मिळेल न मिळेल. मेमध्ये पूलांच्या नातीला घेऊन ती स्वतः येतेय. फ्राउ हेगेलेंनी आत्तापासून फुलांची यादी केलीय. आणि त्यांनी विचारलंय, मला, अन्वीला आणि निहारला वेगवेगळं, की तो टपालवाला केव्हा येणार आहे.

तुम्ही लिहिलं होतंत, इथे येऊन काय करणार. त्यांनाही कमी ऐकू येतं. दोघं एकमेकांवर ओरडत बसा.

वाट बघतेय. नुसत्या पत्राची नव्हे.

तुमची,
उल्का

•

पुणे,
९ फेब्रुवारी २०२६

चि. सौ. उल्का हिस,
अ. उ. आ.

पत्र चार वेळा वाचलं. त्या तीन ओळी मीनलला वाचून दाखवायला गेलो आणि पहिल्याच ओळीला चष्मा पुसत बसलो, तेव्हा तिनेच कागद घेऊन वाचल्या. गुरुदत्तने मोबाइल बाजूला ठेवला. याची तारीख लिहून ठेव.

पासपोर्ट नवा करून घेतला. आधारवरचा पत्ताही बदलला. शमिकाला पेढे देऊन आलो. तिने आधी विचारलं, काका, हे कशाबद्दल आणि नियमात बसतं का.

तिकीट गुरुदत्तने काढलंय, सात मेचं, फ्रँकफर्टपर्यंत. श्रवणयंत्र आणतो. शिट्टी मारली तरी काढणार नाही. फ्राउ हेगेलेंना सांग, नळाजवळची एक झारी माझ्यासाठी बाजूला ठेवायची. चौथ्या दगडाला पाणी मी घालणार.

सर्वांना आशीर्वाद. भेटीअंती बोलूच, मोठ्याने.

तुझा,
बाबा